शेतातली जुनी पवनचक्की टॉवरवरून सुखरूप कशी उतरवावी?

रानवाट

नमस्कार. टेक्सासच्या हिल कंट्रीतल्या आमच्या बारा एकरांत एक जुनी पवनचक्की उभी आहे. वीज तयार करणारी नव्हे, पाणी उपसणारी, पुष्कळ पात्यांच्या चाकाची. शेपटीवर 'एअरमोटर' आणि 'शिकागो' ही अक्षरं पुसट दिसतात. ती उतरवून दुरुस्त करायची आहे, भंगारात द्यायची नाही. माहिती अशी:

टॉवर चार पायांचा, गॅल्व्हनाइज्ड अँगलचा, ३३ फूट. पाय काँक्रीटमध्ये गाडलेले. चाक ८ फुटी असावं असा अंदाज. शेपूट दुमडून चक्की बंद करायची तार तुटून लोंबते आहे. वारा चांगला असला की चाक करकरत अर्धा-एक फेरा घेतं आणि थांबतं. वरच्या लाकडी फळ्या कुजल्या आहेत. शिडी एका पायाला आहे, तिच्या दोन पायऱ्या गायब. खाली बोअर आहे, पंपाचा रॉड अजून जोडलेला. पाणी साधारण १०० फुटांवर. टॉवरपासून ४० फुटांवर विजेची ओव्हरहेड तार जाते.

जवळ लोडरवाला ट्रॅक्टर आहे आणि तीन माणसं आहेत. विचारायचं ते हे: वर चढून सुटे भाग करत उतरवावं की क्रेन बोलवावी? टॉवरसकट ट्रॅक्टरने ओढून आडवी केली तर चालेल का? आणि आधीपासून कोणती तयारी लागते?

लोखंडी_कप्पी

पहिलं, चढू नका. दोन पायऱ्या नाहीत, फळ्या कुजल्या आहेत, एवढं कारण पुरेसं आहे. पण मुख्य कारण वेगळं आहे. पडण्यापासून वाचवणारा पट्टा ज्याला अडकवायचा, त्या जागेने ओशाच्या (अमेरिकेतली कामगार-सुरक्षा यंत्रणा) नियमाप्रमाणे माणशी ५,००० पौंड झेलले पाहिजेत. इतक्या जुन्या, गंजलेल्या अँगलबद्दल तसं कोणीच सांगू शकत नाही. आर्टिक्युलेटेड बूम लिफ्ट भाड्याने घ्या, प्लॅटफॉर्म ४५ फुटांवर जाणारी. आणि डोकं, म्हणजे चाक, गिअरचा डबा आणि शेपूट, उचलायला क्रेन. लिफ्टच्या टोपलीला दोरी बांधून वजन उचलायचं नाही, ती त्यासाठी केलेली नसते. टोपलीत उभं राहिल्यावर पट्ट्याची दोरी टोपलीतल्या कडीलाच अडकवायची, टॉवरला कधीच नाही. टोपली हलली की टॉवरला बांधलेला माणूस बाहेर ओढला जातो.

आता चक्कीबद्दल. या डोक्याचं वजन फार नसतं. एअरमोटरच्या चक्क्या साधारण अशा भरतात: ६ फुटी २१० पौंड, ८ फुटी ३५५, १० फुटी ६४५, १२ फुटी १,०८०. माणसं जखमी होतात ती वजनामुळे कमी, आणि उभ्या चक्कीत तीन गोष्टी अजून जिवंत असतात त्यामुळे जास्त: फिरणारं चाक, शेपटीची स्प्रिंग आणि विहिरीत लटकलेला रॉड. चौथी गोष्ट म्हणजे सगळं डोकं टर्नटेबलवर गोल वळतं. मंद झुळूक आली तरी शेपूट टोपलीवर येऊन आदळू शकते. या चौघांना आधी निपचित करायचं, मगच क्रेनचा हूक जवळ आणायचा. क्रम चुकवू नका.

दिवस निवडा तो पहाटेचा, वारा ताशी १० मैलांच्या आत. त्यावर गेला की काम बंद, मग क्रेनचं भाडं वाया गेलं तरी चालेल.

सुरुवात चाकापासून. चाक वाऱ्याच्या बाजूला असतं, शेपूट वाऱ्याआड. टोपली आडवाऱ्याने, म्हणजे दोन्हींच्या बाजूने न्या, आणि प्रथम चाकाच्या खालच्या कडेपेक्षा खाली थांबा. चाक स्थिर आहे हे पाहून लांब काठीला लावलेल्या आकड्याने दोर चाकाच्या आऱ्यात घाला, पात्याला नाही. पात्याचा पत्रा फाटतो आणि कडा सुरीसारख्या असतात. दोर टॉवरच्या पायाला बांधा. मग समोरच्या आऱ्याला दुसरा दोर दुसऱ्या पायाला. दोन बाजूंनी बांधलं म्हणजे फिरणंही थांबलं आणि वळणंही. त्यानंतर अर्ध्या इंचाची साखळी घालून पक्कं करा. चाक अडलेलं वाटतं म्हणून बांधायचं टाळू नका. तुमच्याकडे ते करकरत अर्धा फेरा घेतं आणि थांबतं, म्हणजे आत काहीतरी अडतं आहे, आणि अडलेलं चाक हात लागल्यावर एकदम सुटतं.

चाक बांधल्यावरच खाली रॉडला हात लावा. आधी नाही, कारण वर चाक फिरलं की खाली रॉड उसळतो आणि बोटं पाइप आणि कपलिंगच्या मध्ये सापडतात. बोअरच्या तोंडावर रॉडला क्लॅम्प लावा, तो पाइपच्या तोंडावर टेकला पाहिजे. मग वरचा लाकडी दांडा सोडवा. क्लॅम्प न लावता सोडला तर सगळा रॉड विहिरीत जाईल.

रॉड सोडणं इतकं महत्त्वाचं का, त्याचा हिशोब मांडतो. सात सोळांश इंची पोलादी रॉड फुटाला साधारण अर्धा पौंड, म्हणजे १०० फुटांना ५० पौंड. सिलिंडर २ इंची असेल तर त्यावरचा १०० फुटांचा पाण्याचा स्तंभ सुमारे १३५ पौंड. एकूण १८५. क्रेनवाल्याला तुम्ही ३५५ सांगणार आणि तो उचलायला जाणार ५४०. पंप गाळात रुतलेला असेल तर मग आकड्याला मर्यादाच नाही. स्लिंग (बोजा उचलायचा पट्टा) तुटेल, नाहीतर गिअरच्या डब्याचं बीड फुटेल.

शेपटीची स्प्रिंग. तुमची तार तुटलेली आहे, म्हणजे शेपूट कामाच्या स्थितीत, चाकाला काटकोनात आहे. हे बरंच आहे, कारण या स्थितीत स्प्रिंग सगळ्यात कमी ताणलेली असते. शेपूट दुमडली की ती ताणते आणि सुटली तर शेपूट झपकन परत येते. म्हणून स्प्रिंग आत्ताच्या स्थितीतच काढा. आधी शेपटीच्या दांड्याला दोर बांधून तो मोटरला, म्हणजे गिअरच्या डब्याला, आवळा, मग स्प्रिंगचा ताण नट सैल करत हळूहळू उतरवा, तोंड बाजूला ठेवून, चष्मा घालून. नट हलत नसेल तर स्प्रिंगभोवती जाड कापड गुंडाळून हूक ग्राइंडरने कापा. स्प्रिंग नवी मिळते. ती गेल्यावर शेपूट हाताने चाकाकडे दुमडा आणि दोन पट्ट्यांनी आऱ्यांना बांधा. सगळा बोजा एकत्र, आटोपशीर होतो.

(एअरमोटरवाले गिअरच्या डब्याला 'मोटर' म्हणतात, तिच्यात वीज वगैरे काही नसते. सुटे भाग मागवाल तेव्हा हाच शब्द दिसेल.)

स्लिंग मोटरच्या बिडाखालून घ्यायचे. पॉलिएस्टरचे दोन गोल स्लिंग, प्रत्येकी टनाच्या क्षमतेचे. वरच्या पत्र्याच्या टोपाला नाही, शेपटीच्या दांड्याला नाही, नुसत्या चाकाच्या शाफ्टलाही नाही. टोप आधी काढून खाली पाठवा. चाकाकडची बाजू जड असते, त्यामुळे मोटर उचलताच नाक खाली करते. हबजवळून तिसरा स्लिंग छोट्या चेन पुलीने हूकला जोडा आणि उचलण्याआधी समतोल साधा. दोन टॅग लाईन (बोजा खालून सावरायचे दोर), अर्ध्या इंचाच्या, प्रत्येकी ६० फूट, एक चाकाच्या बाजूला, एक शेपटीच्या. धरणाऱ्यांनी दोर हाताला गुंडाळायचा नाही.

मोटरच्या खाली एक मास्ट पाइप असतो, तो टॉवरच्या टोकात आत उतरलेला असतो. डोकं बाजूला न्यायच्या आधी हा पाइप पूर्ण बाहेर येईपर्यंत सरळ वर उचलावं लागतं. लांबी टॉवरच्या जाळीतून दिसते, मोजून घ्या आणि क्रेनवाल्याला सांगा. त्याच्या खालच्या टोकाला कॉलर, कडी किंवा जुन्या तारेचं भेंडोळं अडकलं आहे का, तेही पाहा.

क्रेनला आधी फक्त ताण घ्यायला सांगा. वजनकाट्यावर आकडा अपेक्षेएवढा आला आणि डोकं मोकळं झालं तर उत्तम. आकडा दीडपट झाला तरी हलत नसेल तर थांबा. झटका द्यायचा नाही. पाइप गंजून चिकटलेला असतो. ताण तसाच ठेवून, गंज सोडवणारं तेल मारून, दांड्याला दोर लावून टोपलीतून डोकं थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे वळवत राहा. निघतं.

उत्तरवारा

वरचं सगळं बरोबर. दोन गोष्टी जोडतो.

विजेची तार ४० फुटांवर. टॉवर ३३, वर चाकाची त्रिज्या ४, म्हणजे उंची ३७ फूट. डोकं त्यावर आणखी चार-पाच फूट उचलायचं, म्हणजे बूमचं टोक ५० फुटांच्या आसपास जाणार. ओशाच्या क्रेन नियमात तारेचा दाब माहीत नसताना ३५० किलोव्होल्टपर्यंतच्या तारेपासून २० फूट अंतर धरतात, आणि ते बूम, हूक, दोर, बोजा या सगळ्यांच्या पोचण्यापासून. तेव्हा क्रेन तारेच्या विरुद्ध बाजूलाच उभी करा आणि बूम त्या बाजूला वळणार नाही असं आधीच ठरवा. वीज कंपनीला फोन केला तर त्या वेळेपुरती लाईन बंद करून मिळू शकते. दोन आठवडे आधी विचारा.

टॉवरसकट ओढून आडवी करण्याचं उत्तर याच आकड्यात आहे. ३७ फुटांची वस्तू चुकीच्या बाजूला कलली तर तारेपासून तीन फुटांवर येते. एकही पाय थोडा घसरला की तारेवर.

तार नसती तरी नकोच म्हणेन. पडणाऱ्या टॉवरला मागून दोराने धरून हळूच उतरवू, असं लोकांना वाटतं. सुरुवातीला दोर चांगला धरतो, कारण टॉवर उभा आणि दोर तिरपा असतो. टॉवर झुकत जातो तसा दोर आणि टॉवर एका रेषेत येत जातात, आणि जमिनीजवळ आल्यावर दोराला वर ओढायला काही कोनच उरत नाही. वजनाचा भार सगळ्यात जास्त असतो तेव्हाच दोर निकामी होतो. शेवटचे दहा-पंधरा फूट तो आपटतो, आणि आपटतं पहिलं ते चाक. मग हब फुटतो, मोटरचं बीड तडकतं. बिडाला वेल्डिंग नीट बसत नाही, म्हणजे तुमची दुरुस्ती तिथेच संपली. पायथ्याशी इंग्रजी ए अक्षरासारखी दुपाखी चौकट उभी करून दोर तिच्यावरून नेला तर कोन टिकतो आणि तसे टॉवर उतरवतातही. पण त्याला बिजागर बसवलेले दोन पाय लागतात. तुमचे पाय काँक्रीटमध्ये आहेत.

माळावरची_बाभूळ

थोडं वेगळं, पण याच धाग्यात बसेल. क्रेन पोचत नाही अशा जागी आमच्याकडे जिन पोल लावून उतरवतात. ते ८ फुटीसाठी चालेल का? खडकाळ उतारावर क्रेनचे पाय टेकवायला जागा नसली तर काय करायचं?

लोखंडी_कप्पी

८ फुटीला चालतं, त्यावर मी सुचवणार नाही. आणि टॉवरचे पाय जमिनीलगत धड असतील तरच. जिथे पाय काँक्रीटमध्ये शिरतो तिथे माती खरवडून काढा आणि हातोडीने ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला, किंवा स्क्रूड्रायव्हरचं टोक आत गेलं, तर त्या टॉवरवर जिन पोलचा भार टाकायचा नाही.

जिन पोल म्हणजे टॉवरच्या वरच्या भागाला उभा आवळलेला चार इंची जाड पाइप, डोक्याच्या वर सहा-सात फूट निघालेला. निदान तीन ठिकाणी साखळीने बांधलेला, आणि खालचं टोक आडव्या अँगलवर टेकलेलं. फक्त साखळ्यांच्या घर्षणावर ठेवला तर घसरतो.

हिशोबात लोक हमखास चुकतात तो असा. एकच कप्पी वर टांगून खालून ओढलं तर कप्पीच्या एका बाजूला बोजा ३५५ आणि दुसऱ्या बाजूला ओढही ३५५. पाइपवर येतात ७१० पौंड, घर्षण वेगळं. चार पदरी कप्प्या वापरल्या तर ओढ चौथाईवर येते आणि पाइपवरचा भार ४४५ च्या आसपास. ओढणारा दोर वरून तिरपा लांब ट्रॅक्टरकडे नेऊ नका, टॉवर त्या बाजूला खेचला जातो. तो सरळ खाली आणून पायथ्याशी बांधलेल्या कप्पीतून वळवा. त्या कप्पीवर काटकोनात वळताना ओढीच्या १.४ पट भार येतो, तेव्हा तिला आधार टॉवरच्या एकाच पायाचा देऊ नका, दोन पायांमध्ये साखळी टाकून द्या.

आणि ओढायला हातविंच. ट्रॅक्टरने ओढलं की अडकलेलं जाणवतच नाही. विंचच्या दांड्याला जड लागलं की हात थांबतो, ट्रॅक्टर थांबत नाही.

जिन पोलने उतरवताना चाक आधी सुटं करावं लागतं. एअरमोटरच्या १८ पात्यांच्या चाकाचे तीन-तीन पात्यांचे सहा भाग असतात. एक काढला की चाकाचा तोल जातो, जड बाजू खाली यायला बघते. म्हणून एक काढला की लगेच समोरचा काढायचा, एका बाजूचे तीन कधीच नाही. प्रत्येक वेळी फिरवायच्या आधी साखळी बदलायची, दुसरी बांधल्याशिवाय पहिली सोडायची नाही. बोल्ट गंजून बसलेले असतात. आठवडाभर आधीपासून दोन-तीनदा तेल मारा. नटाचे कोपरे गेले तर ग्राइंडरने नट उभा कापून काढा, आऱ्याला लागू देऊ नका.

गॅस कटर या कामात नकोच. जस्ताचा थर जळला की निघणाऱ्या धुराने संध्याकाळी थंडी-ताप भरतो.

गावठाण

महाराष्ट्रात ऐंशीच्या दशकात सरकारी योजनेत बसवलेल्या १२-पीयू-५०० पवनचक्क्या अजून कुठे कुठे उभ्या आहेत. हीच पद्धत तिथे लागू होईल का?

उत्तरवारा

क्रम हाच: चाक, रॉड, शेपूट, मग उचल. आकडे मात्र उचलून लावू नका. १२-पीयू-५०० म्हणजे १२ पाती आणि ५ मीटरचं चाक. म्हणजे साडेसोळा फुटांच्या आसपास, या ८ फुटीच्या दुप्पट. त्यात गिअर नाहीत, क्रँकवरून रॉड थेट चालतो. गिअर नसल्याने रॉडची खालची हालचाल आणि चाक एकमेकांना बांधलेले असतात, तेव्हा खाली रॉड सोडण्याआधी चाक बांधणं तिथे जास्तच गरजेचं. आणि डोकं वजनकाटा असलेल्या क्रेननेच उचला.

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रेन आणि बूम लिफ्ट नक्की केली. एक अडचण मात्र निघाली. चाकाचं माप अंदाजाने सांगितलं होतं. आज ६० यार्डांवरून फोटो काढला आणि शिडीच्या पायऱ्यांशी ताडून पाहिला. पायऱ्यांमधलं अंतर खाली मोजलं तर १५ इंच भरलं, आणि चाकाच्या व्यासात तशी ८ अंतरं बसतात. म्हणजे १२० इंच. चाक १० फुटी निघालं! आता काय काय बदलतं? आणि डोकं उतरल्यावर टॉवरचं काय करावं? तोही जपायचा आहे.

लोखंडी_कप्पी

मोजलंत ते फार चांगलं केलं, आणि लांबून फोटो घेऊन मोजायची पद्धतही बरोबर. १० फुटीचं डोकं ६४५ पौंड, म्हणजे २९० किलोच्या वर. आधीच्या अंदाजाच्या जवळपास दुप्पट. बदलतं ते असं.

जिन पोलचा विचार पूर्ण सोडा. क्रेनवाल्याला वजन १,३०० पौंड सांगा, म्हणजे चिकटलेल्या पाइपाची सोय राहील. आणि बूम किती लांब काढून किती अंतरावर उभी राहणार, त्या अंतराची क्षमता त्याच्या तक्त्यात दाखवायला सांगा. 'दहा टनी क्रेन आहे' हे उत्तर नाही. दहा टन ती अगदी जवळून उचलते, लांबून नाही. स्लिंग सांगितले तेच पुरतात, पण शिलाई किंवा आवरण फाटलेला जुना स्लिंग नको.

उतरवल्यावर ठेवायला घोडी आधी करून ठेवा. चाकाची त्रिज्या ५ फूट, तेव्हा मोटर जमिनीपासून साडेपाच फूट वर टेकली पाहिजे. नाहीतर चाकाच्या कडेवर सगळं वजन येऊन पाती दुमडतात. जाड पाइपाचा एक तुकडा चौरस फ्रेमवर उभा वेल्ड करा, आतला व्यास मास्ट पाइपपेक्षा थोडा मोठा, म्हणजे डोकं टॉवरवर बसतं तसंच त्यात बसेल. फ्रेमची बाजू निदान ६ फूट. टॅग लाईनवाल्यांनी बोजा खाली येईपर्यंत खालून जायचं नाही, घोडीत बसवतानाही बाजूनेच हात लावायचा.

१९१५ नंतरच्या एअरमोटरचे गिअर तेलात चालतात. डोकं तिरकं झालं की ते तेल चाकावर आणि टोपलीवर सांडतं, आणि टोपलीची फळी निसरडी होते. टोप काढल्यावर हातपंपाने तेल बाटलीत ओढून घ्या. तेलात पाणी किंवा धातूचा चुरा दिसला तर बाटली जपून ठेवा, दुरुस्ती करताना कुठे झिजलं ते समजतं.

टोप उघडताना गांधीलमाश्या. टेक्सासात टोपाखाली त्यांची पोळी हमखास असतात. आदल्या दिवशी पहाटे लांबून फवारा मारा. त्या फवाऱ्याने पेट घेतो, तेव्हा त्यानंतर लगेच तिथे ग्राइंडर चालवू नका. माश्या अंगावर आल्या की माणूस हातातलं सगळं सोडतो, हे लक्षात ठेवून फवारणी झाल्याशिवाय वर जाऊच नका.

उत्तरवारा

टॉवरबद्दल. क्रेन आलेलीच आहे तर तो अख्खा एका उचलीत काढा. वजनाचा अंदाज असा: २ इंची, तीन सोळांश जाडीचा अँगल फुटाला २.४४ पौंड. चार पाय, प्रत्येकी ३४ फूट धरले तर ३३० पौंड. आडव्या आणि तिरप्या पट्ट्या धरून दुप्पट, म्हणजे ६५०-७०० पौंड. तुमच्या अँगलची जाडी कॅलिपरने मोजून हाच हिशोब करा.

खाली रुंद आणि वर निमुळता असल्याने टॉवरचा तोल मध्याच्या खाली असतो. स्लिंग दोन-तृतीयांश उंचीवर, चारही पायांना आडव्या पट्टीच्या लगेच खाली, म्हणजे वर सरकणार नाहीत. क्रेनने टॉवरच्या वजनाइतकाच ताण घ्यायचा, मग पाय सोडायचे. काही टॉवरचे पाय जमिनीत पुरलेल्या अँकर-अँगलला बोल्टने जोडलेले असतात, आधी ते बोल्ट शोधा. नसले तर काँक्रीटपासून दोन इंच वर ग्राइंडरने कापा. समोरासमोरचे दोन आधी, उरलेले दोन शेवटी. जुना टॉवर थोडा पिळलेला असतो, त्यामुळे कापताना पाय एकदम सरकून डिस्कला चिमटा बसतो आणि डिस्क फुटते. कापणाऱ्याने डिस्कच्या रेषेत उभं राहायचं नाही. बाकी सगळे टॉवरच्या उंचीच्या दीडपट लांब.

हिल कंट्रीतलं गवत वाळलेलं असतं. काउंटीची जाळबंदी (उघड्यावर आग लावायला मनाई) चालू आहे का बघा, पायथ्याचं गवत दहा फूट खरडून काढा आणि पाण्याचा होज चालू ठेवा. काम झाल्यावर अर्धा तास एकाने तिथेच थांबायचं.

क्रेनचे पाय कुठे टेकणार तेही पाहून ठेवा. पवनचक्कीच्या आसपास जुनी टाकी, हौद, कधी फळ्यांनी झाकलेली हाताने खणलेली विहीर असते. पहारीने ठोकत जागा तपासा. पोकळ वाजलं तर तिथून दहा फूट दूर. पायांखाली निदान दोन फूट चौरस, जाड लाकडी पाट.

माळावरची_बाभूळ

आणीबाणीची एक गोष्ट राहिली. लिफ्टच्या खालच्या कंट्रोलवरून टोपली खाली आणता येते. ते खाली उभ्या असलेल्या निदान दोघांना यायला हवं, वर माणूस जायच्या आधी एकदा करून बघा. फोनची रेंज जागेवर तपासा, आणि ९११ ला सांगायला गेटचे अक्षांश-रेखांश कागदावर लिहून क्रेनच्या केबिनमध्ये चिकटवा. ग्रामीण पत्त्याने अँब्युलन्स चुकते.

गावठाण

टॉवर गेल्यावर बोअर उघडं राहतं ते विसरू नका. टेक्सासात पडून असलेल्या विहिरीची जबाबदारी जमीनमालकाची असते आणि कळल्यापासून १८० दिवसांत ती झाकणबंद करावी लागते किंवा बुजवावी लागते. चक्की परत बसवणार असाल तर रॉड क्लॅम्पवर तसाच ठेवून पाइपवर लोखंडी झाकण वेल्ड न करता बोल्टने बसवा. ज्या दिवशी टॉवर निघेल त्याच दिवशी संध्याकाळी.

रानवाट

झाकण आजच बनवायला दिलं. घोडीसाठी मास्ट पाइपचा बाहेरचा व्यास लागणार, तो आधी कसा मोजू? टॉवरच्या जाळीतून हात पोचत नाही.

लोखंडी_कप्पी

पहिल्या दिवशी फक्त लिफ्ट मागवा, क्रेन नको. त्या दिवशी चाक बांधा, रॉड सोडा, स्प्रिंग काढा, तेल मारा, आणि टोपलीतून टर्नटेबलच्या खाली पाइपभोवती दोरी गुंडाळून घेर मोजा. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास. त्यात पाव इंच मिळवून आतला व्यास धरा. क्रेन दोन-तीन दिवसांनी बोलवा, तोवर घोडी वेल्ड होईल आणि तेलही गंजात मुरेल.